सांधा मातीवर हवा

घरामागच्या भाजीच्या तुकड्याला रायपुरात बारी म्हणतात. आम्ही इथली मराठी माणसंही तेच म्हणतो. पाहुणे बारीत आले की त्यांची नजर आधी वेलावरच्या दोडक्यांकडे जाते. माझी डागडुजीकडे जाते. वाफा कुठे उंच केलाय, पेंढा कुठे अंथरलाय, कोणत्या कारल्याला कागदी पिशवी घातलीय, यावरून मागच्या हंगामात काय काय हातचं गेलं ते कळतं. बारीची गोडी मला तिथेच लागते.

इथल्या पुष्कळ परसांत मटासी माती आहे, पिवळसर आणि बारीक कणांची. पावसात तिचा चिखल होतो आणि उघडीप पडली की वर कडक पापुद्रा धरतो. लालभाजीचं, म्हणजे लाल माठाचं, बी ते केवढं! त्याच्या कोंबाला हा पापुद्रा फुटत नाही, तो आतच वाकून मरतो. म्हणून जाणता माणूस बी फोकल्यावर पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, पातळ अंथरतो आणि कोंब दिसू लागले की संध्याकाळी काढून घेतो. सकाळी काढला तर दुपारपर्यंत कोवळे कोंब करपतात. पेंढा कोणीही टाकेल; तो काढायची वेळ साधणं, यात कसब आहे.

पण बारीतलं सगळ्यात देखणं काम म्हणजे वांग्याचं कलम. ते करावं लागतं एका रोगामुळे. भर पावसाळ्यात, फुलं लागलेली असताना, हिरवंगार झाड दुपारी मान टाकतं. रात्री सावरल्यासारखं दिसतं आणि चार-आठ दिवसांत संपतं. पानं पिवळी पडायलाही उसंत मिळत नाही. पाणी कमी पडलं असेल म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, आणि रोगाला तेच हवं असतं. खरं कारण बघायचं तर बुडाजवळचं खोड कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. कापातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरू लागतो. ते मर रोगाचे जिवाणू. मातीत ते वर्षानुवर्षं टिकतात, फवारणीने जात नाहीत, आणि टोमॅटो-मिरचीलाही सोडत नाहीत.

अशा मातीत वांगं हवंच असेल तर त्याला मुळं दुसऱ्याची द्यावी लागतात. रोगाला दाद न देणाऱ्या रानवांग्याच्या रोपावर आपल्या आवडीच्या वांग्याचा शेंडा बांधायचा. रायपूरच्या व्हीएनआर नर्सरीची अशी कलमी रोपं आता शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. रोप हातात घेऊन सांधा नीट बघावा. दोन्ही खोडं सारख्या जाडीची, काप तिरका, म्हणजे जुळायला जागा जास्त, आणि वर इवलीशी क्लिप. पुढे तिथे गाठ धरते आणि बोटाला लागते. लावताना ही गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे. ती बुजली की वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि रोग त्याच वाटेने आत शिरतो. गाठीखालून येणारे फुटवेही वेळच्या वेळी खुडायचे, नाहीतर रानवांगंच माजतं. कुणाच्या बारीत गेलो की मी खाली वाकून आधी ही गाठ शोधतो. ती उघडी दिसली की त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

फळमाशीचं दुखणं त्यामानाने सरळ. माशीने डंख मारलेलं कारलं वाकडं होतं, अवेळी पिवळं पडतं. ते वेलाखाली पडू न देता उचलून खोल पुरलं, कोवळ्या फळांना पिशव्या घातल्या, तर बरीचशी कारली वाचतात.

उन्हाळ्याशी मात्र झुंजू नये, असं माझं ठाम मत आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, रात्रीही गारवा नसतो, आणि टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. त्याला जाळ्या बांधून दोनदा पाणी पाजणाऱ्या बारीत हौस दिसते, जाण दिसत नाही. जाणती बारी तेव्हा चेच नावाच्या पालेभाजीकडे आणि पोईकडे, म्हणजे आपल्या मायाळूकडे वळते. पश्चिमेला मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, विरळ सावली ठेवते. पावसाळा आला की अमारी पेरते. अमारी म्हणजे आपली अंबाडी. कोवळे शेंडे खुडायचे, शिजवून आंबट पाणी थोडं पिळून टाकायचं, तुरीची डाळ आणि तांदळाची कणी घालून घोटायचं आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. शेंडे खुडले की खालून नवे फुटवे येतात, त्यामुळे एकाच ओळीवर आठवड्याला एकदा तरी हे जेवण होतं.