राणीला टाळ्या मिळतात, सेकंद कुणाचे मोजतात?



मागचे दोन लेख शेणाच्या नमुन्यांवरून जनावरांचा ताण कसा मोजतात यावर होते. एका वाचकाने कळवलं की त्याने तो लेख जेवताना वाचला. त्याची जाहीर माफी मागते. आज शेणाला सुट्टी. आज तीन पुस्तकांबद्दल बोलायचंय, पण सुरुवात अड्याळपासून करावी लागेल.

तुम्ही विदर्भातले असाल तर तान्हा पोळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत आणतात. बक्षिसं दोन प्रकारची असतात, एक नंदीच्या सजावटीला आणि एक मुलांच्या वेशभूषेला. मी आठ वर्षांची असताना मला वेशभूषेचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. सजावटीचं बक्षीस माझ्या भावाला मिळालं. आता गंमत अशी की नंदीच्या शिंगांना बेगड मी लावली होती, झूल मी शिवली होती. भावाने फक्त दोरी ओढली. मी घरी येऊन रडले तेव्हा आजी म्हणाली, "तुले डब्बा भेटला नं? मंग काहून रडतेस?"

काहून रडत होते ते मला तेव्हा सांगता आलं नाही. वीस वर्षांनी अमेरिकेतल्या रोडिओच्या राण्यांबद्दल वाचताना ते सापडलं.

रोडिओ म्हणजे तिकडच्या गुराख्यांचा पट समजा. उधळणाऱ्या घोड्यावर टिकून राहणं, पळत्या वासराला फास टाकणं, असे खेळ. गावोगावच्या वार्षिक जत्रेत, म्हणजे कृषी प्रदर्शन, पाळणे, खाण्याची दुकानं यांच्या मधोमध तो भरतो. आणि त्या जत्रेची एक राणी असते. बहुतेक वेळा गावचीच पोरगी. चमचमता शर्ट, टोपीवर मुकुट, हातात झेंडा. ती घोडा दौडवत मैदानाला एक फेरी मारते, एका हाताने लगाम धरते, दुसऱ्या हाताने लोकांना अभिवादन करते. मग खेळ सुरू होतात आणि ती बाजूला होते.

सोपं काम नाही हे. 'मिस रोडिओ अमेरिका' या राष्ट्रीय स्पर्धेत उमेदवार मुलींना अनोळखी घोड्यावर बसून ठरलेली चाल करून दाखवावी लागते. ज्या घोड्याशी कधी ओळख नाही, त्याला दोन मिनिटांत समजून घ्यायचं. जनावरांवर काम करणारी म्हणून सांगते, ही फार मोठी कसोटी आहे. पण हे कौशल्य परीक्षकांपुढे राहतं. गावच्या जत्रेत लोकांना दिसतो तो हलणारा हात.

हे असंच होतं का कायम? नाही. मेरी लू ले कॉम्प्ट यांचं 'काउगर्ल्स ऑफ द रोडिओ' (१९९३) वाचलं की कळतं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका उधळणाऱ्या घोड्यांवर बसत होत्या, पैसे जिंकत होत्या. ओरेगनमधला पेंडलटन राउंड-अप १९१० साली सुरू झाला, तिथेही त्या होत्या. १९२९ साली त्याच मैदानात बॉनी मॅकॅरोल ही घोडेस्वार घोड्याखाली सापडली. तिचा पाय रिकिबीत अडकला होता. काही दिवसांनी ती गेली. बायकांसाठी रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधायची सवलत होती. तिच्या रिकिबी तशाच बांधलेल्या होत्या, आणि त्यामुळे वेळेवर सुटणं अवघड झालं. म्हणजे सवलतच धोक्याची! पेंडलटनने यानंतर बायकांचा तो खेळच बंद केला. रोडिओत पुरुषही मरत होते. त्यांचे खेळ चालू राहिले. ले कॉम्प्ट यांचं म्हणणं असं की कारण एकटा अपघात नव्हता. नियम ठरवणाऱ्या नव्या संघटनेने बायकांच्या खेळांना जागाच ठेवली नाही. आणि रिकाम्या झालेल्या जागेत राणी ठळक होत गेली.

रेने लेग्रीड यांचं 'रायडिंग प्रिटी' (२००६) राण्यांची बाजू मांडतं. राणी म्हणजे नुसती शोभा नव्हे, गाव तिच्यातून स्वतःला दाखवतं, असा त्यांचा मुद्दा. तो मला पटतो. आपल्याकडे 'गावची लेक' म्हणताना आवाज जसा बदलतो, तेच हे. जोन बर्बिक यांचं 'रोडिओ क्वीन्स अँड द अमेरिकन ड्रीम' (२००२) जुन्या राण्यांच्या मुलाखतींवर उभं आहे आणि तिघांत मला तेच सर्वांत आवडलं, कारण त्यात म्हाताऱ्या बायका बोलतात. माझी तक्रार तिन्ही पुस्तकांबद्दल एकच. घोडा सगळीकडे आहे, पण त्याला रोज चारा कोण टाकतं, तो कुणाचा आवाज ओळखतो, हे फारसं हाती लागत नाही.

आता आपल्याकडे या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, धान निघालं की शंकरपट. दिवसा बैलजोड्या, रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट परत आले. रात्रीच्या नाटकाच्या जाहिरातीत नटीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, आणि ती निदान रात्रभर घाम गाळून ते नाव कमावते. पण दिवसा, पटावर? जोडीमागे धुरकरी पुरुष. बाई असली तर मंडपात, आरतीचं ताट घेऊन, किंवा बक्षीस देताना फोटोत.

याला एक ठसठशीत अपवाद आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला कृषक सुधार मंडळाच्या शंकरपटात महिलांची स्वतंत्र शर्यत होते. बाई स्वतः कासरा धरते आणि जोडी हाकते. जोडी किती सेकंदांत पोचली, त्यावर निकाल. मला हे फार मोठं वाटतं. पण मी वाचलेल्या बातम्यांमध्ये काय होतं? 'नारीशक्ती', नऊवारी, गॉगल, फेटा. पुरुषांच्या बातमीत जोडीचं नाव आणि सेकंद पहिल्या दोन ओळींत, बाईच्या बातमीत शेवटी, तेही छापले तर. म्हणजे जी धुरकरी होऊन आली तिला आपण राणी करून परत पाठवलं.

इथे माझं रडणं मला सापडलं. मान मिळणं आणि मोजलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. मोजमाप एकदा लिहिलं गेलं की पुढची मुलगी त्याच्याशी स्पर्धा करू शकते.

अमेरिकेतल्या बायकांना हे कळलं होतं. १९३०च्या दशकात टेक्सासमधल्या स्टॅमफर्डच्या रोडिओत गावोगावच्या मुली पाहुण्या म्हणून येत. पोशाख, घोडा आणि बसण्याची ढब यांवर त्यांना गुण मिळत. पुढे १९४८ साली टेक्सासमध्येच सॅन अँजेलो इथे ३८ जणी जमल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. बॅरल रेसिंग, म्हणजे तीन पिंपांभोवती घोडा पळवणं, हा आज तिथल्या बायकांचा मुख्य खेळ आहे. त्यात पोशाख कितीही झगमगीत असो, निकाल घड्याळ देतं.

तुम्ही म्हणाल, बाई, तू जनावरांच्या ताणावर काम करतेस आणि शर्यतीची बाजू घेतेस? प्रश्न रास्त आहे. धुरकरी बाई असली म्हणून बैलाचा ताण आपोआप कमी होत नाही, आणि काठी-टोचणीवरची बंदी तिलाही तितकीच लागू. पण रोजचा हात महत्त्वाचा असतो, हे मात्र विज्ञान सांगतं. ऑस्ट्रेलियातले पॉल हेम्सवर्थ यांनी डुकरं आणि दुभत्या गाईंवर दीर्घ काम करून दाखवलं की हाताळणारा माणूस दांडगाईने वागला तर जनावराची भीती वाढते आणि उत्पादनही घटतं. आमच्याकडे बैलाला पाणी दाखवणं, आंबोण देणं, गोठा झाडणं बहुतेक घरांत कोण करतं ते तुम्हाला माहीत आहे. बैल ज्या आवाजाला कान टवकारतो तो बऱ्याचदा माय-आजीचा असतो. पटावरच्या सेकंदांत त्यांचाही वाटा आहे, फक्त तो कुठल्याच फळ्यावर लिहिला जात नाही.

म्हणून माझं मागणं लहान आहे. आयोजकांनो, बाईला फेटा बांधा, हरकत नाही, पण तिच्या जोडीची वेळ त्याच फळ्यावर, त्याच अक्षरात लिहा. बातमीदारांनो, साडीच्या रंगाआधी सेकंद छापा. आणि तान्ह्या पोळ्याच्या परीक्षकांनो, बक्षीस देताना पोरांना एकदा विचारा की नंदी सजवला कुणी.

तो डबा अजून आमच्या घरी आहे. आई त्यात तिखट ठेवते. आजीला मी नंतर सांगितलं की काहून रडत होते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बैल तं मीच धुवायची. पटावर नेताना कोनी विचारलं नाही."

तुमच्या गावच्या पटावर बाईच्या हाती कासरा कधी दिसला का? दिसला असेल तर मला कळवा, आणि आठवत असतील तर सेकंदही सांगा.