हळहळ आणि अनुताप : ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधला पटकथालेखक

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं : पैशासाठी स्वतःचं लेखन बाजूला ठेवलं आणि नंतर त्याचा पश्चात्ताप झाला, तर त्या पश्चात्तापाला तत्त्वज्ञानात काही किंमत आहे का? पाच मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून आजचा सगळा वेळ त्यासाठी. उदाहरण म्हणून बिली वाइल्डरचा १९५० सालचा ‘सनसेट बुलेव्हार्ड’ हा चित्रपट घेतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा रसभंग होईल असं समजू नका. नायक मेलेला आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं.

आधी शब्दांचं जरा बघू. मराठीत या भावनेला तीन-चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हळहळ वाटते ती गेलेल्या गोष्टीबद्दल. अवकाळी पावसाने आंब्याचा मोहर गळाला की हळहळ वाटते. दोष कुणाचाच नसतो. खंत मनात राहते, वर्षानुवर्षं राहते. पश्चात्तापात मात्र ‘हे मी केलं’ ही कबुली आली. आणि संतांचा जो अनुताप, त्यात वागणं बदलणं गृहीतच धरलेलं आहे. अनुताप झाला आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायला लागला, तर वारकरी त्याला अनुताप म्हणणार नाही. हे चार शब्द जवळ ठेवा, पुढे लागतील.

आता गोष्ट. जो गिलिस हा हॉलिवूडमधला पटकथालेखक. विल्यम होल्डनने ती भूमिका केली आहे. गाडीचे हप्ते थकलेत, २९० डॉलर हवे आहेत, वसुलीची माणसं दारात. तो पॅरामाउंट स्टुडिओत एका निर्मात्याला बेसबॉलची एक गोष्ट विकायला जातो. तिथे बेटी शेफर नावाची तरुण मुलगी आहे, आलेल्या संहिता वाचून मत देणं हे तिचं काम. लेखक त्याच खोलीत उभा आहे हे तिला माहीत नाही आणि ती गोष्ट टाकाऊ आहे असं सांगून मोकळी होते. मग ओशाळून म्हणते, तुमच्यात गुण आहे असं ऐकलं होतं. तो म्हणतो, ते गेल्या वर्षी. यंदा पोट भरायचं बघतोय.

पुढे वसुलीवाल्यांना चुकवताना टायर फुटतं आणि तो एका जुनाट बंगल्याच्या आवारात शिरतो. तिथे नॉर्मा डेसमंड राहते, मूकपटांच्या काळातली विसरली गेलेली तारका. तिने स्वतःसाठी ‘सलोमी’ची भलीमोठी संहिता लिहून ठेवलीय. ती नीट करून देण्याचं काम तो घेतो. आधी गॅरेजवरच्या खोलीत राहतो, मग बंगल्यात. मग तिच्या पैशाचे कपडे, तिच्या पैशाचा कोट. शेवटी तिच्याच पिस्तुलाच्या गोळीने तो तिच्या पोहण्याच्या तलावात पडतो.

या चित्रपटाबद्दल सहसा काय म्हणतात? गुणी लेखक पैशाला भुलला आणि श्रीमंत बाईचा बांधील झाला. मला हे वाचन पटत नाही, आणि का पटत नाही हे जरा सविस्तर सांगतो.

निर्मात्याच्या खोलीतला प्रसंग पुन्हा आठवा. बेटीने गोष्टीला नावं ठेवल्यावर गिलिस गोष्टीची बाजू घेत नाही. ‘तुम्हाला अमुक पात्र कळलं नाही’, ‘शेवट पुन्हा वाचा’, असलं एक वाक्य नाही. तो स्वतःच्या पोटाची बाजू घेतो. म्हणजे नॉर्माच्या बंगल्यात पाऊल टाकण्याच्या आधीच त्याच्या लेखी त्या कागदांना विक्रीपलीकडे मोल उरलेलं नाही. बंगल्याने त्याला बिघडवलं असं म्हणायला मी तयार नाही. तिथे त्याला फक्त गिऱ्हाईक भेटलं.

दुसरी गोष्ट याहून बोचरी आहे. बेटीला त्याच्या एका जुन्या, पडून राहिलेल्या संहितेत पाच-सहा पानं सापडतात, एका शिक्षिकेबद्दलची. ती म्हणते, ही पानं खरी आहेत, यातून चित्रपट होईल. गिलिसला स्वतःला ते दिसलं नव्हतं. अहो, आपण लिहिलेल्यातलं चांगलं कुठलं हेच ज्याला कळेनासं झालंय, त्याच्या ‘स्वतःच्या लेखना’बद्दल आपण कुठल्या तोंडाने बोलणार?

आणि ‘सलोमी’चं काम तो कसं करतो? ती संहिता हास्यास्पद आहे हे त्याला पहिल्या रात्री कळतं. पैसे घेतो, पानं इकडची तिकडे करतो, आणि मनातल्या मनात हसतो. नॉर्माला खरं सांगत नाही. शेवटी सांगतो तेव्हा ते सत्य दगडासारखं फेकून मारतो : स्टुडिओला तू नको होतीस, तुझी जुनी गाडी भाड्याने हवी होती. हेच पहिल्या आठवड्यात, संपादक म्हणून, सौम्यपणे सांगितलं असतं तर? नोकरी गेली असती हे खरं. पण तेवढंच एक काम त्या बंगल्यात प्रामाणिकपणे करण्यासारखं होतं.

याच्या उलट त्या रात्री बघा. मध्यरात्री हा चोरासारखा बंगल्यातून निसटतो आणि स्टुडिओतल्या बेटीच्या खोलीत बसून तिच्याबरोबर त्या शिक्षिकेची गोष्ट लिहितो. हातात पैसा नाही, आणि सबंध चित्रपटात हा माणूस इतका मोकळा आणखी कुठेच दिसत नाही. पण एक लक्षात घ्या, ती गोष्टसुद्धा विकायलाच लिहिली जातेय. बेटीलाही तिचा चित्रपट व्हायला हवाय. म्हणजे वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट यांनी (दोघांनी एकत्र लिहिलेला हा शेवटचा चित्रपट, मार्शमन हा तिसरा सहलेखक) एका बाजूला पैसा आणि दुसऱ्या बाजूला कला असा सोपा हिशेब मांडलेलाच नाही. दोन्ही बाजूंना बाजार आहे. फरक आहे तो हातातल्या कामाकडे बघण्याच्या नजरेत.

आता ॲरिस्टॉटल. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या सातव्या भागात तो दोन प्रकारची माणसं वेगळी करतो. एकाला आपण करतो तेच बरोबर वाटतं, त्यामुळे त्याला पश्चात्ताप होत नाही. दुसऱ्याला बरोबर काय ते कळतं, पण त्याचं मन वासनेपुढे ढिलं पडतं. पश्चात्ताप होतो तो यालाच. या दुसऱ्या माणसाला तो अशा नगराची उपमा देतो, जिथे कायदे उत्तम केलेत पण वापरात एकही नाही. (हशा.) हो, हसा. आपल्याकडे अशा नगरांना महानगरपालिका असते.

ॲरिस्टॉटलच्या मते हा दुसरा माणूस सुधारू शकतो, कारण पश्चात्ताप होतो याचा अर्थ तत्त्व शाबूत आहे. इथे मला एक शंका आहे. पश्चात्तापच त्या माणसाची गादी झाला तर? ‘मी हे हलकं काम करतो, पण मला त्याची लाज वाटते, म्हणजे मी इतरांहून वरचा’ या आधारावर माणूस वीस-तीस वर्षं आरामात काढू शकतो. ही हळहळ असते, फक्त अंगावर पश्चात्तापाची कफनी.

याची खरीखुरी उदाहरणं हॉलिवूडमध्येच आहेत. हर्मन मॅन्किविट्झ हा न्यूयॉर्कचा नाट्यसमीक्षक, अतिशय हजरजबाबी. ‘मँक’ हा २०२० सालचा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तो याच्यावरच. १९२६च्या सुमारास तो हॉलिवूडला गेला आणि बेन हेक्टला त्याने तार पाठवली. इथे लाखो पडलेत आणि स्पर्धेला फक्त मूर्ख आहेत, अशा अर्थाची. लोक ही तार विनोद म्हणून सांगतात. मला ती सगळ्या पुढच्या दुःखाची पहिली ओळ वाटते. पैसे हवे असणं यात काही गैर नाही, मॅन्किविट्झला जुगाराची देणीही होती. पण जिथे काम करायचं तिथली माणसं मूर्ख, असं पहिल्या दिवशीच ठरवलं की आपलं तिथलं कामही मूर्खांसाठीचं ठरतं, आणि मग ते चांगलं करण्याचं कारणच उरत नाही.

हेक्ट गेला. ‘अंडरवर्ल्ड’च्या कथेसाठी त्याला पहिल्याच ऑस्कर समारंभात पुरस्कार मिळाला. तो झपाट्याने लिहायचा, भरपूर पैसे घ्यायचा आणि त्या कामाची टिंगल करायचा. १९५४च्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. आपलं खरं काम कादंबरी, असा त्याचा सूर. पण गंमत अशी की हेक्टने कादंबऱ्या लिहिल्या! ‘एरिक डॉर्न’ १९२१ची, नंतरही लिहीत राहिला. आज त्या कोण वाचतं? आणि त्याने लिहिलेले ‘स्कारफेस’ आणि ‘नटोरियस’ अजून पाहिले जातात. ‘पैशामागे गेलो नसतो तर केवढं लिहिलं असतं’ हे वाक्य सहसा तपासता येत नाही, कारण न लिहिलेलं पुस्तक नेहमीच थोर असतं. त्यात चूक कोण काढणार? हेक्टच्या बाबतीत तपासायला थोडी जागा आहे, आणि निकाल त्याच्या बाजूने जात नाही.

मॅन्किविट्झचं आणखी वेगळं. १९४० साली, आधीच्या अपघातात मोडलेला पाय घेऊन, व्हिक्टरव्हिलच्या एकांतात त्याने ‘सिटिझन केन’चा पहिला खर्डा सांगून लिहवला. आठवड्याच्या पगारावर, आणि श्रेयावर हक्क सांगायचा नाही अशा करारावर. म्हणजे हेही भाड्याचंच काम. पण लिहून झाल्यावर या माणसाला आपलं नाव हवं झालं. त्याआधी कित्येक चित्रपटांवर तो बिननावाचा राबला होता. ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या सुरुवातीच्या लेखकांत तो होता, पडद्यावर त्याचं नाव नाही. इथे मात्र तो भांडला. अखेर ऑर्सन वेल्सबरोबर त्याचं नाव लागलं आणि पटकथेचं ऑस्करही दोघांना मिळालं. त्यातलं किती कुणाचं हा वाद पुढे फार रंगला, त्यात मी आज शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याचं नाव मागणं. चौदा वर्षांनी त्याने एका कामाला ‘हे माझं’ म्हटलं. अनुतापाच्या सगळ्यात जवळची जागा ती. दुर्दैवाने पुढे ते टिकलं नाही. १९५३ साली, ५५व्या वर्षी तो वारला.

गिलिसच्याही आयुष्यात अशी एक जागा आहे. शेवटच्या रात्री तो नॉर्माने दिलेल्या वस्तू परत करतो, बॅग भरतो, ओहायोतल्या डेटन गावी वर्तमानपत्राच्या जुन्या नोकरीवर जायला निघतो. ‘आता मी माझी थोर कादंबरी लिहीन’ असं तो म्हणत नाही. बातम्या तपासण्याचं काम, पगार बेताचा. हा अनुताप आहे, कारण पाय हललेत. गोळी त्यानंतर लागते.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. मागच्या रांगेतून विचारताहेत : ‘सर, प्रेमचंद इथे मुंबईत येऊन सिनेमा सोडून परत गेले. मग योग्य वागले ते तेच ना?’

चांगला प्रश्न. १९३४ साली प्रेमचंद अजंता सिनेटोन या कंपनीत वर्षाला ८,००० रुपयांच्या करारावर आले. ‘हंस’ आणि ‘जागरण’ या स्वतःच्याच नियतकालिकांचं कर्ज डोक्यावर होतं. म्हणजे पैसा हवा होता तो स्वतःच्या कामासाठीच. तुमचे दोन कप्पे इथेही नीट वेगळे होत नाहीत. त्यांनी गिरणी कामगारांवर ‘मजदूर’ लिहिला, सेन्सॉरने त्याला अडवलं. १९३५ साली ते बनारसला परतले. १९३६ साली ‘गोदान’ आली, आणि त्याच ऑक्टोबरात ते गेले.

तुम्ही ‘योग्य’ म्हणताय ते ‘गोदान’मुळे. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने चित्रकार गोगँच्या निमित्ताने नेमकं हेच मांडलंय : चित्रांसाठी संसार सोडणाऱ्याचं समर्थन चित्रं चांगली झाली तरच होतं, आणि ते निघताना कुणालाच माहीत नसतं. विल्यम्सचं म्हणणं खोडणं अवघड आहे, पण ते मला पुरेसं वाटत नाही. समजा प्रवासातून उतरल्यावर प्रेमचंदांची प्रकृती ढासळली असती आणि ‘गोदान’ अपुरीच राहिली असती. मुंबई सोडणं चुकलं असं तुम्ही म्हणाला असता? मी म्हणालो नसतो. ज्या गिरणी कामगारांबद्दल लिहायचं होतं ते इथे मनासारखं लिहिता येत नाही असं दिसलं, आणि ते गेले. तेवढं मला पुरतं. ‘मजदूर’ची प्रत आज उपलब्ध नाही, नाहीतर ते पानं किती मनापासून लिहीत होते हे तुम्हाला दाखवता आलं असतं.

पुढचा प्रश्न खिडकीजवळचा. जरा मोठ्याने बोला.