सर्वेक्षण खात्याच्या नकाशांतील जुन्नरचीं नेरें

जुन्नर-आंबेगांव प्रांतींच्या कागदपत्रांतील गांवें ओळखतांना अभ्यासक सर्वेक्षण खात्याच्या, जुन्या गणनेंतील '४७ ई' या पत्रकसमूहाचा आधार निःशंकपणें घेतात. हा आधार कोठवर टिकतो, इतकेंच येथें पाहावयाचें आहे.

गुण प्रथम. नाणेघाट चढून आलेली वाट कुकडीच्या खोऱ्यांत शिरते. घाटमाथ्याशीं जीवधन, पुढें दक्षिणेस चावंड, उत्तरेस हडसर, शेवटीं जुन्नरालगत शिवनेरी. समोच्चरेषांवरून ही मांडणी क्षणांत ध्यानीं येते. नागनिकेचा लेख याच घाटांत कां, याचा उलगडा या रेषा पुष्कळ ग्रंथांहून चांगला करितात.

परंतु नकाशास नदी दिसते, डोंगर दिसतो; दोहोंमधला जो मुलूख लोक 'नेर' म्हणून ओळखीत, तो दिसत नाहीं. मीनेचें मिन्नेर, घोडेचें घोडनेर, भीमेचें भीमनेर, भामेचें भामनेर. नगर, णयर, नेर ही मालिका प्राकृताच्या नियमांस धरून आहे व संगमनेर, पारनेर यांस ती शोभते. मात्र नदीच्या नांवापुढें येणारें नेर हें नगर नव्हे, खोरें होय. तेव्हां एकच व्युत्पत्ति सर्वांवर लादणें आम्हांस मान्य नाहीं.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पिंपळगांव तर्फ घोडें आणि पिंपळगांव तर्फ महाळुंगे हीं दोन्हीं आंबेगांव तालुक्यांतलींच. तर्फ गाळली कीं सनद भलत्याच गांवास चिकटते. शिवाय रोमन लिपींत ल-ळ, त-ट, न-ण यांचा भेद उरत नाहीं. तिच्यावरून पुन्हा देवनागरींत उतरविलेलें नांव मूळ कागदाविरुद्ध प्रमाण मानूं नये.

घोडेवरील डिंभें धरणांत मूळ आंबेगांव बुडालें. तालुक्यास नांव त्याचें, कचेरी मात्र घोडेगांवीं. कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज. नव्या आवृत्तींत जेथें नुसता निळा रंग आहे, तेथील वाटा व वस्त्या जुन्या एकइंची पत्रकांतच शोधाव्या लागतात. अशीं पत्रकें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं हस्तलिखितांच्या कपाटांत, घडी न घालतां ठेवावीं. घडीवर पडलेलीं गांवांचीं नांवें सर्वांआधीं झिजतात.