चेटकीण : स्वतः झालेली आणि ठरवलेली

इंग्लंडमधील चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये मलायातील निवृत्त जकात अधिकारी जेराल्ड गार्डनर यांचा ‘विचक्राफ्ट टुडे’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विक्का हा निसर्गपूजक पंथ त्यामुळे जगास ठाऊक झाला. त्याच्या प्राचीनत्वाचा दावा संशोधकांनी पुढे अमान्य केला. परंतु मला ग्रंथाचा दोष निराळा वाटतो. पूर्वी चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्यांत गार्डनर स्वपंथीयांस पाहतात. म्हणजे नकळत आरोपच खरा धरतात. विक्का स्वेच्छेने स्वीकारतात. जादूटोणा ही क्रिया, तिला पंथ लागत नाही. आपल्या सातपुड्यातील ‘डाकीण’ मात्र गाव ठरवते. त्या बाईस ना पंथ ठाऊक, ना मंत्र. महाराष्ट्राने 2013 मध्ये व गुजरातने 2024 मध्ये जादूटोणाविरोधी कायदे केले. अनुवादकांनीही तिघींस एकच शब्द योजू नये.