गावठी कोंबडीचा ऋतू

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची गावठी कोंबडी वर्षात कितीदा तरी अंड्यावर येते, खुडूक बसते, पिल्लं काढते. रानातली कोंबडी ऋतू पाहून अंडी घालते. या फरकाचा माग लावणारा एक शोधनिबंध २०१० साली ‘नेचर’मध्ये आला, कार्ल-योहान रुबिन, लेफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मी तो कथेसारखा वाचतो.

ही गोष्ट थायरॉइडपाशी जाऊन पोहोचते, पण शीर्षकात त्याचा उल्लेखही नाही. लेखक कोंबड्यांचे जनुकसंच वाचत जातात आणि जिथे विविधता एकाएकी आटते तिथे थांबतात. जे उरलेलं नाही त्यावरून निवडीची खूण ओळखायची, ही या लेखनाची खरी गंमत. सर्वांत ठळक खुणांपैकी एक सापडते टीएसएच रिसेप्टरच्या, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात. तपासलेल्या २७१ पाळीव कोंबड्यांपैकी २६४ जणींत नव्या रूपाच्या दोन्ही प्रती, उरलेल्या सात जणींत एकेक. त्या सात जणी कुठल्या, हे शोधायला मी तक्ते उलटत बसतो! प्रथिनाच्या ५५८व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन बसलेलं असतं.

रक्ताच्या रिपोर्टमुळे टीएसएच आपल्याला गळ्यातल्या ग्रंथीपुरतं माहीत. पण त्याचा रिसेप्टर चरबीत, हाडांत आणि डोळ्यांमागच्या ऊतींतही असतो. ग्रेव्हज आजारात डोळे पुढे येतात ते तिथल्याच रिसेप्टरवर प्रतिपिंडं चढाई करतात म्हणून. पक्ष्यांत तो मेंदूच्या तळाशीही आहे. जपानी लावा पक्ष्यावरच्या २००८च्या प्रयोगात, लांबलेल्या पहिल्याच दिवशी पहाटेपासून सुमारे १४ तासांनी तिथे टीएसएच वाढलेलं दिसलं. ते शेजारच्या पेशींच्या रिसेप्टरला लागतं, तिथे थायरॉइड हार्मोन सक्रिय होतं आणि विणीची तयारी सुरू होते. हे ठाऊक असलं की निबंधातली ती एक जागा उजळते: पाळीव कोंबडीवरचा ऋतूचा अंमल सैल होण्यामागे हा बदल असू शकेल, असं लेखक सुचवतात. ठासून सांगत नाहीत, आणि मला तोच संयम आवडतो.

तो पुढे उपयोगीही पडला. २०१४ साली युरोपातल्या जुन्या कोंबड्यांच्या हाडांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा हे रूप तिथे सर्वत्र नव्हतंच. म्हणजे कोंबडी माणसाळली तेव्हा नव्हे, त्यानंतर कित्येक शतकांनी ते घरोघरच्या खुराड्यांत पसरलं.