प्रेमकथेला दोस्तीनं तारलं

सुट्टीत हातात घ्यावी आणि एका बैठकीत संपवावी, अशी प्रेमकथा मराठी वाचकाला मुख्यतः दिवाळी अंकानं दिली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सणाच्या सुट्टीला वाचनाची जोड मिळाली. पुढे ना. सी. फडके यांनी ‘जादूगार’ आणि ‘दौलत’मधून सुशिक्षित तरुण-तरुणींचं प्रेम रेखीव कथानकात बसवलं. चंद्रकांत काकोडकर, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांनी हा वाचक वाचनालयांतून घराघरांत वाढवला. समीक्षेनं मात्र हे सगळं ‘रंजनपर’ म्हणून बाजूला सारलं. त्यामुळे या लेखनातलं चांगलं काय आणि कच्चं काय, हे कुणी नीट सांगितलंच नाही. आज या प्रकाराची जी अवस्था आहे, तिचं एक कारण हेही आहे.

हे लेखन लोकांना किती भिडत होतं, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. काकोडकरांची ‘शामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. निशिकांत हा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, शामा या तिघी, एवढाच तिचा ऐवज. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं लेखकाला दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याची सुटका केली. असे प्रसंग वाचले म्हणून वयात येणारी मुलं बिघडतीलच, असं म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा आला. ज्यांना आपण ‘लायब्ररीतले लेखक’ म्हणून मोडीत काढलं, त्यांची पोच एवढी होती.

पण ‘शामा’तच या प्रकाराची उणीवही दिसते. प्रियकर आणि प्रेयसी आपल्याच विश्वात मग्न असतात, भोवतालचं जग पडद्यासारखं मागे लटकत राहतं. ही कोंडी फोडली मैत्रीनं. व. पु. काळे यांच्या ‘पार्टनर’मध्ये श्री आणि किरण यांच्या संसारापेक्षा लक्षात राहतो तो श्रीचा दोस्त. सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’त पुण्याच्या कॉलेजचा कट्टा हाच खरा नायक आहे, श्रेयस आणि शिरीनचं प्रेम त्या कट्ट्यावरच्या निष्ठा-भांडणांतून तावून निघतं. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या वाटेवरची सर्वांत पक्की कादंबरी. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग. मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे आणि फावड्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून गप्पा हाणतात. शिरोडकर या मुलीबद्दल मुकुंदला जे वाटतं, त्याला आकार येतो तो या अड्ड्यावर. मित्रांपाशी फुशारकी, एकट्यात भीती आणि तिच्यासमोर तोंडातून शब्द न फुटणं, या तिन्ही गोष्टी बोकील एकाच मुलात दाखवतात. प्रेम दोघांचं असलं तरी ते पेलायला चौघं लागतात, हे मराठी कादंबरीनं इतकं अचूक क्वचितच सांगितलं आहे.

तरीही दोन मोठ्या जागा रिकाम्या आहेत. पहिली मैत्रिणींची. कट्टा आणि अड्डा दोन्ही मुलग्यांचे. गौरी देशपांडे आणि सानिया यांनी स्त्रीच्या प्रेमाला आणि स्नेहाला मोकळी हवा दिली. पण सुट्टीत वाचायच्या लोकप्रिय कादंबरीत मैत्रिणी अजूनही चिठ्ठी पोचवण्यापुरत्या येतात.

दुसरी जागा वस्तीची. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाबाहेर ही प्रेमकथा फारशी गेलीच नाही. भिवंडीजवळचं टेमघर घ्या. भोवती यंत्रमागांचा खडखडाट, तालुक्यात ऑनलाइन मालाची प्रचंड गोदामं, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नकाशावर गावाच्या नावाचं स्थानक. या पट्ट्यात आगरी मराठी, तेलुगू, उर्दू, भोजपुरी एकाच नाक्यावर ऐकू येतात. सुट्टी लागली की कामगार मुलखाला जातात आणि स्थानिक पोरं मागे राहतात. गोदामात पाळी करणारी मुलगी, मागावरचा मुलगा, दोघांमध्ये निरोप्या झालेला तिसऱ्याच भाषेतला दोस्त: यात प्रेम आहे, मैत्री आहे, सुट्टी आहे आणि धोकाही आहे. अशी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. सिनेमानं हे धाडस आधी केलं. ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची-परश्याचं प्रेम परश्याचे दोस्त सल्या आणि लंगड्या आपल्या अंगावर झेलतात आणि जातीचा हिशेब त्यांनाही चुकत नाही.

वाचक हरवला, असं म्हणायला आधार नाही. तो ‘प्रतिलिपी’वर रोज एक भाग वाचतो, ‘स्टोरीटेल’वर कादंबरी ऐकतो. तिथे प्रेमकथा ढिगानं आहेत. नाही तो कान पिळणारा संपादक. पुढच्या भागासाठी उत्कंठा ताणायची सवय लागली की पात्रं पातळ होतात आणि मित्र गैरसमज पेरण्यापुरते उरतात. म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांकडे माझी थेट मागणी आहे: दरवर्षी एका नव्या लेखकाला, शक्यतो लेखिकेला, पूर्ण लांबीच्या प्रेमकथेसाठी पानं द्या, वर्षभर आधी द्या आणि मसुद्यावर तिच्यासोबत बसा. आणि समीक्षकांनी ती कथा गंभीर कादंबरीइतक्याच कसोशीनं वाचावी. लाखो लोक ज्या पुस्तकांतून प्रेम करायला आणि मैत्री निभवायला शिकतात, ती चांगली लिहिली जाणं ही साहित्याची पहिल्या प्रतीची गरज आहे.