मकबऱ्याचा घुमट आणि लेझरची रेघ

विसर्जन मिरवणुकीत छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर जे लेझर दिसतात त्यांत चित्र जवळपास नसतंच. धूर, हिरवे-निळे झोत आणि प्रोजेक्टरच्या एसडी कार्डात तयार आलेला एखादा फिरता तारा. मंडळं पैसे मोजतात ते झोताचे. त्यामुळे संगणकावरचं ॲनिमेशन लेझरच्या रेघेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरची इथे कुणी फारशी विचारपूस करत नाही. पण त्याची परीक्षा घ्यायला यासारखं गाव शोधून सापडणार नाही.

लेझरकडे असतो एकच किरण आणि त्याला फिरवणारे दोन चिमुकले आरसे, एक आडवा, एक उभा. या धंद्यातल्या आयएलडीए संस्थेची प्रचलित चाचणी सेकंदाला 30,000 बिंदूंची, तीही जेमतेम आठ अंशांच्या कोनात. सेकंदाला 25 चौकटी दाखवायच्या तर प्रत्येकीच्या वाट्याला 1,200 बिंदू येतात. त्यातले काही कोपऱ्यावर आरसा सावरण्यात जातात, काही किरण विझवून एका रेघेवरून दुसरीवर उडी मारण्यात. उरलेल्यांत चित्र बसवायचं.

आता इथलाच बीबी का मकबरा घ्या. त्याचं त्रिमित मॉडेल म्हणजे हजारो लहान त्रिकोण. सगळ्या कडा काढल्या तर चौकट तिथेच संपली. म्हणून रूपांतर करणारं सॉफ्टवेअर फक्त धारदार कडा ठेवतं, मागे झाकलेल्या रेघा गाळतं. कमानी, चबुतरा छान उतरतात. घुमट मात्र गायब होतो, कारण घुमटाला धार नसतेच. त्याची बाह्यरेषा बघणाऱ्याच्या जागेवर ठरते आणि कॅमेरा हलला की तीही सरकते. ही रेषा प्रत्येक चौकटीत नव्याने शोधणारं सॉफ्टवेअर तेवढंच माझ्या लेखी उपयोगाचं.

पॅन्गोलिन या अमेरिकी कंपनीने थ्रीडी स्टुडिओ मॅक्ससाठी ‘लेझरशो कन्व्हर्टर मॅक्स’ आणलं, तेव्हा त्रिमित दृश्यातून थेट लेझरच्या चौकटी काढायची वाट व्यावसायिकांना मिळाली. आज फुकटातही बरंच काही आहे. ब्लेंडर या मोफत त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये 2013 पासून फ्रीस्टाइल आहे, 2021 च्या 2.93 आवृत्तीपासून लाइन आर्ट. दोन्ही बाह्यरेषा नीट शोधतात. फक्त ती रेघ कागदासाठी काढलेली असते. आरशाला वजन असतं, वळताना त्याला वेळ लागतो, याची त्यांना गंधवार्ता नाही. तो हिशेब पुढच्या सॉफ्टवेअरने करायचा, आणि खरी गडबड तिथेच होते. एका चौकटीत रेघा ज्या क्रमाने काढल्या तो क्रम पुढच्या चौकटीत बदलला की चित्र लुकलुकतं. एक चौकट कमीत कमी उड्यांत बसवणं आता बऱ्यापैकी जमतं. शंभर चौकटी एकमेकींना धरून ठेवणं अजून नाही. आयएलडीएच्या फाइलचीही मदत होत नाही. तिच्यात वक्र नाही, वस्तू नाही, नुसते बिंदू आणि त्यांचे रंग.

वेरूळचं कैलास लेणं तर या यंत्रांना गुदमरवतं. तिथे कडा इतक्या की कुठली गाळायची हाच प्रश्न, आणि सॉफ्टवेअर लांबी आणि कोन मोजून उत्तर देतं. हत्तीची सोंड आणि भिंतीतली भेग त्याला सारखीच. याउलट अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रात पद्मपाणीची भुवई, खांदा, कमळ धरलेली बोटं मोजक्या रेषांवर उभी आहेत. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते, तेव्हा कुठली रेषा घ्यायची हे त्यांनाच ठरवावं लागलं असणार. लेझरलाही असा रेषा निवडणारा माणूस हवा. म्हणून मला लाइन आर्टचा मार्ग जास्त आश्वासक वाटतो: यंत्राने काढलेली प्रत्येक रेघ तिथे हाताने पुसता येते, वाकवता येते. सगळं एका बटणात करून देणारी साधनं नेमकी ही मुभा काढून घेतात. (जाहिरातीत मात्र त्या बटणाचंच कौतुक.)

चित्राला धूर पुरत नाही, पृष्ठभाग लागतो, अंधारही. प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणारा किरण भिंतीवर पडतो. मिरवणुकीत तोच डोळ्यांत घुसतो, आणि 2023 च्या गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी पडदा भाजलेले तरुण तपासले. वेरूळ-अजिंठा महोत्सव भरतो त्या सोनेरी महालाच्या आवारात भिंतही आहे आणि अंधारही करता येतो. तिथे पद्मपाणीची दहा सेकंदं नीट काढायची तर 250 चौकटी लागतील, आणि त्यातल्या बहुतेक कुणीतरी चित्रकाराने हाताने दुरुस्त केलेल्या असतील.